दहावा भाग वजा करून

बहुतेक ड्रायव्हरांच्या समोर, काचेपाशी, एखादा देव असतो. काकांच्या समोर संत्रं असायचं.

जेवणाच्या डब्याचं एक चपटं झाकण होतं. त्याची कड जेमतेम नखाएवढी उंच. गाडी सुरू करण्याआधी ते झाकण काचेखाली ठेवायचे, त्यात मधोमध संत्रं ठेवायचे आणि त्याच्याकडे एकदा नीट पाहून घ्यायचे. हात जोडत नसत. मग चपला काढून सीटखाली सरकवायच्या आणि अनवाणी पायानं क्लच दाबायचा. वाटेत संत्रं झाकणात डुललं तर त्यांचं काही म्हणणं नसे. पण कड ओलांडून ते बाहेर पडलं, की ते हळूच म्हणायचे, "सांडलं." म्हणजे डिझेल सांडलं. संत्रं पडलं याचा अर्थ गाडीला धक्का बसला, धक्का बसला याचा अर्थ कुठंतरी रेस जास्त दिली किंवा ब्रेक उगाच दाबला. त्यांच्या लेखी ते डिझेल रस्त्यावर ओतल्यासारखंच होतं.

संत्र्याचे दिवस नसले की लिंबू असायचं. भर उन्हाळ्यात लिंबूही मिळेनासं झालं की कांदा. पण कांद्यावर त्यांचा भरवसा नव्हता.

"कांदा बसून राह्यते," ते म्हणायचे. "त्याले बूड हाये ना. ज्याले बूड हाये थो खरं नाई सांगत."

डेपोत त्यांना सगळे 'ॲव्हरेज' म्हणत. गाडी एका लिटरमध्ये किती चालते त्याला आमच्याकडे ॲव्हरेज म्हणतात, आणि या माणसाला दुसरा विषयच नव्हता. मी मात्र त्यांना काका म्हणायची. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एस.टी.चे ड्रायव्हर होते आणि मी आर्वीला कॉलेजात नुकतीच जाऊ लागले होते.

आमचं गाव आर्वी तालुक्यात, वर्धेच्या रस्त्यापासून जरा आत. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं. बाबांनी मला पहिल्या दिवशी फाट्यावर आणून सोडलं आणि ते शेताकडे वळले. मी वहीला छातीशी धरून उभी राहिले. बस आली, थांबली, मी चढले. ड्रायव्हरनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"पोरी, रोज येशीन का?"

"हो."

"मंग उद्यापासून इथं नको उभी राहू. थ्या तिकडे चढाच्या माथ्यावर उभी राहाजो."

मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. मी विचारलं, "काऊन?"

"तिथं गाडी आपल्या मनानं हळू होते. तिथं थांबाले काई लागत नाई. इथं थांबवली का मले तिले चढासाठी पुन्हा पळवा लागते. भल्ली पिते मंग."

मागे बसलेला एक माणूस हसला. "पाहा बाप्पा, घोटभर डिझेलसाठी पोरीले चढ चढवते हा बुढा!"

काका तेव्हा म्हातारे नव्हते. त्यांनी हळूच गिअर टाकला आणि मी दुसऱ्या दिवशीपासून दोनशे पावलं चालून माथ्यावर उभी राहू लागले. तीन वर्षं राहिले. पुढे मला कळलं की त्या दोनशे पावलांनी माझं भलंच केलं. फाट्यावरून बस दिसायची ती एकदम अंगावर आल्यावर. माथ्यावरून मात्र ती फार लांबून दिसे. थंडीत पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतांवर धुकं बसलेलं असायचं. रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना, कापसाच्या बैलगाड्या घासून गेल्यामुळे, पांढरे पुंजके अडकलेले असायचे. त्या पांढऱ्यातून एक लाल ठिपका निघायचा, वळायचा, खोलात नाहीसा व्हायचा आणि पुन्हा वर यायचा. आवाज जवळजवळ नसायचाच. बस चढतेय असं वाटतच नसे. रस्ताच तिला उचलून माझ्यापर्यंत आणून ठेवतो आहे, असं वाटे. ती दिसेपर्यंत मी पुस्तक उघडून वाचत असे. माझं अर्धं बी.एस्सी. त्या माथ्यावर झालं, असं मी आजही सांगते आणि ते खरं आहे.

हॉर्न ते फारसा वाजवत नसत. "हॉर्न वाजवा लागला म्हंजे आपलं आधीच चुकलं," असं त्यांचं मत. ब्रेकबद्दल तर त्यांना मनातून राग होता. "ब्रेक म्हंजे काय बाई? आधी जास्त देल्लं, आता वापस करून राह्यलो. मंग देल्लं काऊन?" बस सुटण्याआधी ते खिडकीतून हात बाहेर काढून थोडा वेळ तसाच धरून ठेवत. वारा कुठून येतो ते पाहत. वारा समोरून असला की कंडक्टरला सांगत, "आज तीन मिनिटं उशीर होईन. वाऱ्याशी भांडाचं नाई."

डेपोत दर महिन्याला एक फळा लागायचा. कोणत्या ड्रायव्हरनं दहा लिटरमध्ये गाडी किती चालवली, ते त्यावर लिहिलेलं असे. वरचं नाव बहुतेक काकांचंच. पण ते वरचं नाव पाहतच नसत. खाली वाकून शेवटचं नाव वाचत, त्या माणसाला शोधून काढत, चहा पाजत आणि मग आपल्या सुट्टीच्या दिवशी त्याच्या गाडीत त्याच्या मागच्या सीटवर जाऊन बसत. बोलत काही नसत. नुसतं झाकण आणि संत्रं त्याच्यासमोर ठेवायचं. दोन फेऱ्यांनंतर तो ड्रायव्हर स्वतःच संत्र्याकडे पाहून गाडी चालवू लागे.

एकदा डेपो त्यांना नवी बस देणार, अशी बातमी आली. दुसरा कुणी खूश झाला असता. काका सकाळी मला म्हणाले, "बाई, तू शिकून राह्यली ना? मले एक अर्ज लिहून दे." संध्याकाळच्या परतीच्या फेरीत बस सुटायला वेळ होता. मी वहीतलं पान फाडून लिहिलं, 'मला सध्याच्या गाडीचा चांगला अनुभव आहे, तरी ती बदलू नये.' वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली.

"उलटं लिही. मले गाडीचा नाई, गाडीले माया अनुभव हाये."

"काका, असं अर्जात लिहीत नाहीत."

"काऊन? खरं हाये ना?"

मी तसंच लिहिलं. अर्जाचं काय झालं मला माहीत नाही, पण गाडी बदलली नाही. त्या अर्जाची माझ्या हातची एक नक्कल त्यांनी घडी करून पाकिटात ठेवली होती, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती पेढे द्यायला, बी.एस्सी.चा निकाल लागल्यावर. काकूंनी चहा टाकला. काका स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणाले, "झाकन ठेव अन् आच कमी कर. उकळी आपल्या मनानं येते."

"पाहा व माय," काकू मला म्हणाल्या. "आमच्या यायले चहाचंबी ॲव्हरेज पाह्यजे. लग्नात मंगळाष्टकं लांबली तर म्हने, भटजीनं गाडी न्यूट्रलवर ठेवली."

काका हसले नाहीत. "न्यूट्रल नाई म्हटलं मी. नुसती चालू ठेवली म्हटलं," त्यांनी दुरुस्त केलं.

त्यानंतर माझं लग्न झालं, मी वर्धेत आले आणि एका शिक्षण संस्थेच्या कार्यालयात कारकून झाले. संस्थेच्या शाळा जिल्ह्यात ठिकठिकाणी होत्या. आमचे सचिव, ज्यांना सगळे साहेब म्हणत, ते सतत कुठं ना कुठं जायचे. त्यांना ड्रायव्हर हवा होता. काका नुकतेच निवृत्त झाले होते. मी साहेबांना त्यांचं नाव सुचवलं, तेव्हा मला आपण काही ऋण फेडतो आहोत असं वाटलं होतं. ते लगेच लागले. संस्थेची जुनी गाडी त्यांनी पाच-सहा वर्षं, झाकणातल्या संत्र्यासकट, पाण्यावरून होडी न्यावी तशी चालवली.

मग नवी गाडी आली. डिझेलचीच, पण तिच्या डॅशबोर्डवर निळ्या उजेडात आकडे उमटायचे. बाहेर किती गरम आहे, टाकीत अजून किती किलोमीटरचं आहे, आणि गाडी ॲव्हरेज किती देते. तो शेवटचा आकडा काकांनी पाहिला आणि ते गाडी उभी असतानाच कितीतरी वेळ त्याच्यासमोर बसून राहिले. मी दुपारी बाहेर आले तर हाक मारली.

"बाई, हे कुठून पाह्यते?"

"काय?"

"हा आकडा. टाकीत वाकून पाह्यते का?"

मी बी.एस्सी. होते. मला उत्तर येत नव्हतं, पण येत नाही असं म्हणायची मला सवय राहिली नव्हती. म्हटलं, "कॉम्प्युटर असतो आत. इंजिनमध्ये प्रत्येक वेळी किती डिझेल गेलं ते त्याला कळतं."

"म्हंजे अंदाज करते."

"अंदाज नाही काका. मोजते."

"मोजते?" त्यांनी त्या निळ्या आकड्याकडे फार कौतुकानं पाहिलं. दारात नवं लेकरू आल्यावर पाहावं तसं. "हुशार हाये मंग."

त्या दिवसापासून त्यांचा एक नवा छंद सुरू झाला. चढ आला की आकडा कमी होतो, उतार आला की वाढतो, हे ते लहान मुलासारखं पाहत. संत्रं मात्र काढलं नाही. आकड्याच्या बरोबर वर, काचेखाली, झाकण तसंच होतं.

गाडीची लॉगबुक माझ्याकडे असायची. किती किलोमीटर झाले, किती लिटर भरलं, एवढंच त्यात. साहेब पुढच्या सीटवर बसायचे, त्यामुळे त्यांनाही तो निळा आकडा दिसे. एक दिवस त्यांनी मला बोलावलं.

"गाडी सतराच्या वर दाखवते, अठरा दाखवते. लॉगबुकवरून काय येतं?"

मी हिशेब केला. सोळा, सव्वासोळा.

"असं कसं? तुम्ही विज्ञान शिकलेल्या आहात. जरा नीट पाहून टिपणी करा."

मी नीट पाहिलं. तीन महिन्यांचे आकडे मांडले. रोज संध्याकाळी गाडीतला आकडा स्वतः टिपून घेतला. एक पानभर सुंदर टिपणी लिहिली. तिचं शेवटचं वाक्य मला अजून पाठ आहे. 'दर दहा लिटरमागे सुमारे एक लिटर डिझेलचा ठाव लागत नाही.' ते वाक्य लिहिल्यावर मला अभिमान वाटला होता, हे मी लपवणार नाही. मी कुणाचंही नाव लिहिलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. गाडीची किल्ली एकाच माणसाजवळ असायची.

साहेबांनी काकांना आत बोलावलं तेव्हा मी बाहेरच्या खोलीत होते. दार उघडं होतं. साहेब रागावले नाहीत. त्यांनी टिपणी टेबलावर काकांसमोर सरकवली आणि विचारलं, "काका, हे एक लिटर कुठं जातं?"

काकांनी तो कागद बराच वेळ पाहिला. मग खिशातून किल्ली काढून त्या कागदावर ठेवली.

"मले तीन रविवार द्या सायेब. तीन रविवार गाडी द्या अन् सोबत कोनी लिहिनारा द्या. मंग मी सांगतो कुठं जाते थे."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत किल्ली तुमच्याजवळ राहू द्या."

साहेबांनी तीन रविवार दिले. सोबत लिहायला मलाच सांगितलं. रविवार यायला चार दिवस होते. ते चारही दिवस काका इस्त्रीचा पांढरा गणवेश घालून वेळेवर आले आणि कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसून राहिले. हातात संत्रं होतं. दुसरा एक जण गाडी चालवत होता. आमच्यातला एक शिपाई जाता-येता म्हणायचा, "काय ॲव्हरेज काका, घरी स्टो डिझेलवर चालते का जी?" काका त्याच्याकडे पाहायचे आणि संत्रं या हातातून त्या हातात घ्यायचे. माझ्या टेबलावरून तो बाक दिसत असे. त्या चार दिवसांत मी एकही काम पूर्ण केलं नाही.

रविवारी सकाळी आम्ही पंपावर गेलो. काकांनी गाडी ज्या जागी उभी केली तिथं चाकाशी विटकरीनं खूण केली. टाकी भरली. नळी आपोआप बंद झाली तेव्हा ते मला म्हणाले, "आता हलव."

"काय?"

"गाडी. टाकीत हवा अडकून राह्यते. हलवली का बाहेर येते."

मी साडीचा पदर खोचून गाडीला एका बाजूनं धक्के दिले, काकांनी दुसऱ्या बाजूनं. गाडी पाळण्यासारखी हलू लागली. पंपावरचा माणूस तोंडाला फडकं लावून हसत होता. "बाई, झोपते का थे आता?" त्यानं विचारलं. हलवून झाल्यावर टाकीत खरंच आणखी थोडं मावलं. काठोकाठ झाल्यावर काकांनी आकडा शून्यावर आणला, संत्रं ठेवलं, चपला काढल्या आणि आम्ही आर्वीच्या रस्त्याला लागलो.

वाटेत ते मला किलोमीटरचे दगड मोजायला लावत होते. "आधी किलोमीटर खरे हायेत का पाहू. मंग डिझेलचं." दहा दगडांना गाडीनंही दहाच मोजले. ते खरे होते. ती थंडीची सकाळ होती. आंजी मागे पडली. रस्ता मोकळा होता आणि गाडी इतकी हळुवार चालली होती की बाहेरची शेतंच उठून मागे चालत गेल्यासारखी वाटत होती. पुन्हा तेच धुकं, बाभळीच्या काट्यांवर तेच पांढरे पुंजके. मी कॉलेजात चालले आहे, पुढच्या माथ्यावर मीच पुस्तक उघडून उभी आहे आणि आता आम्ही मला घेणार आहोत, असं काहीतरी माझ्या मनात येऊन गेलं.

मग माझं लक्ष निळ्या आकड्याकडे गेलं आणि मी जागी झाले.

तो वाढत होता. अठरा झाला होता, एकोणीस झाला. साहेब सोबत असले की घाई असायची, आज घाई नव्हती. आज काका त्यांच्या पद्धतीनं चालवत होते. आकडा वीसला पोचला. साहेब काय म्हणतील ते मला स्पष्ट ऐकू आलं. गाडी वीस देते, मग लॉगबुकात सोळाच का? बाकीचं गेलं कुठं? काका जितकं चांगलं चालवत होते तितके ते त्या कागदात आणखी खोल अडकत होते.

"काका," मी म्हटलं, "थोडी जोरात चालवा ना. दोन-चार वेळा ब्रेक मारा."

त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "म्हंजे वाईट चालवू?"

"फक्त आज."

ते जरा वेळ खरोखर विचार करत होते. मग म्हणाले, "मले येत नाई बाई."

संत्रं झाकणात किंचित डुललं आणि स्थिर झालं. थोड्या वेळानं तेच पुन्हा बोलले. "अन् वाईट चालवून काय होईन? खोट याच्यात असन, तर चांगल्यातबी थेवढीच निघन, वाईटातबी थेवढीच निघन. खोट का कुठी पळून जाते?"

कॉलेजच्या प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी आम्हाला शिकवलं होतं की मोजण्याआधी मोजायचं साधन तपासा. व्हर्नियर हातात घेतला की आधी त्याची शून्य त्रुटी पाहायची. त्याचे मला पूर्ण गुण मिळाले होते. आणि टिपणी लिहिताना मी त्या निळ्या आकड्याला एकदाही विचारलं नव्हतं की बाबा, तुझं शून्य कुठं आहे?

आर्वीला पोचून चहा घेतला आणि परत फिरलो. आमच्या फाट्याजवळ आलो. उलट्या बाजूनं आलो तरी माथा तोच. काकांनी पाय उचलला, गाडी आपल्या मनानं हळू झाली आणि बरोबर माथ्यावर थांबली.

"इथं थांबाले काई लागत नाई," ते म्हणाले.

त्यांनी संत्रं उचललं, सोललं, अर्धं मला दिलं. खाली माझं गाव दिसत होतं. मी फोड हातातच धरून ठेवली.

"काका, ती टिपणी मी लिहिली."

"मालूम हाये."

"साहेबांनी सांगितलं?"

त्यांनी पाकीट काढलं. त्यातून घड्यांवर फाटत आलेला एक कागद काढला. वहीचं पान. 'गाडीला माझा अनुभव आहे.' माझंच अक्षर, जरा अधिक गोल.

"टेबलावर पाह्यलं अन् वळखलं. तुया अक्षरात 'झ' लय मोठा हाये."

मी रडू लागले. त्यांनी मला रडू दिलं. फोडीवरची शीर काढत राहिले.

"आकडे तुये बरोबर होते," शेवटी ते म्हणाले. "पन तू आकड्याले इचारलं बाई. मले नाई इचारलं."

एवढंच. त्यानंतर त्या गोष्टीबद्दल ते माझ्याशी कधीही बोलले नाहीत.

पंपावर परत त्याच विटकरीच्या खुणेवर गाडी उभी केली, तीच नळी, पुन्हा तसंच हलवून काठोकाठ भरलं. एकशे बारा किलोमीटर झाले होते. निळा आकडा वीस पॉइंट चार. त्याच्या हिशेबानं साडेपाच लिटर लागायला हवं होतं. पंपानं सहा पॉइंट एक दाखवलं. मी वहीत भागाकार केला, पुन्हा केला, मग गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून तिसऱ्यांदा केला. आमच्या डोळ्यांसमोर, आमच्याच हातानं भरलेलं डिझेल. कुणी काढलं नव्हतं, कुठं सांडलं नव्हतं. आणि फरक तोच होता, दहाला एक. गाडी दहा लिटर पीत होती आणि नऊच सांगत होती.

"झालं काका!" मी जवळजवळ ओरडले. "सिद्ध झालं!"

"काई झालं नाई. एक खेप हाये. एक खेप खोटंबी बोलू शकते. अजून दोन रविवार बाकी हायेत."

स्वतःच्या बाजूनं निघालेला पुरावाही ते तीनदा मोजल्याशिवाय घ्यायला तयार नव्हते. पुढच्या रविवारी आम्ही देवळीच्या पुढे गेलो, त्यापुढच्या रविवारी पवनारवरून पलीकडे. धामच्या पुलावर त्यांनी गाडी इतकी हळू केली की पाण्यात आमची सावली थांबल्यासारखी दिसली. थोडं इकडे-तिकडे सोडलं, तर तिन्ही रविवारी फरक तोच निघाला.

मी दुसरी टिपणी लिहिली. शेवटी लिहिलं, 'पहिल्या टिपणीतला निष्कर्ष चुकीचा होता. तो मी गाडीतला आकडा न तपासता काढला होता.' साहेबांनी वाचली आणि चष्मा काढला.

"शेवटचं वाक्य ठेवायलाच हवं असं नाही. यंत्राची चूक आहे, तुमची नाही."

"राहू द्या साहेब," मी म्हटलं.

साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी ड्रॉवरमधून किल्ली काढली आणि काकांना आत बोलावलं नाही. स्वतः उठून बाहेर बाकापर्यंत गेले.

"काका, तुमचं बरोबर. ते मीटर खोटं निघालं."

काका उठून उभे राहिले. किल्ली दोन्ही हातांत घेतली. "खोटं नोका म्हनू सायेब. नवं हाये थे. त्याले वाटते थे सांगते." मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "शेवटचं वाक्य ठेवलं?"

म्हणजे टिपणीत मी काय लिहीन हे त्यांना आधीच माहीत होतं. मी म्हटलं, "ठेवलं."

"मंग बरोबर हाये."

साहेबांच्या सांगण्यावरून मी एका चिठ्ठीवर 'दहावा भाग वजा करावा' असं लिहून ती निळ्या आकड्याखाली चिकटवली. त्या गाडीत जो बसे तो ते वाचून हसायचा आणि विचारायचा, आणि काका प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून सांगायचे. त्या गोष्टीत टिपणी लिहिणारा माणूस नेहमी 'हापिसातलं कोनीतरी' असायचा.

गुडघ्यानं साथ सोडली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि ते आर्वीला मुलाकडे राहायला गेले. मी माहेरी जाताना एकदा पुढे आर्वीपर्यंत जाऊन त्यांना भेटले. ते खाटेवर होते, फार वाळले होते. काकूंनी चहा टाकला आणि न सांगताच आच कमी केली. उशाशी झाकण होतं, त्यात संत्रं.

"डॉक्टर काय म्हणतात?" मी विचारलं.

"डाक्टर म्हनते, काळजी नोका करू, अजून दहा वर्षं आरामात काढसान." त्यांच्या डोळ्यांत जुनं हसू आलं. "मशीन लावून पाह्यलं म्हने. निळे निळे आकडे होते. मी दहावा भाग वजा करून ठेवला."

"नऊ पुष्कळ झाले," मी म्हटलं.

"पुष्कळ झाले. चालवनारा कसा हाये, त्याच्यावर हाये."

निघताना त्यांनी उशाचं संत्रं माझ्या हातावर ठेवलं.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले. ड्रायव्हर कुणीतरी नवा पोरगा होता, हॉर्न वाजवत चालला होता. आमचा फाटा जवळ आला. माथ्यावर कुणी उभं नव्हतं. मी तळहात सपाट धरला आणि संत्रं त्यावर ठेवलं. चढ लागला तशी बस आपल्या मनानं हळू झाली. संत्रं एकदा डुललं, स्थिर झालं, आणि माथा ओलांडेपर्यंत तसंच राहिलं.